पहिल्या रांगेतली तिसरी जागा

माणूस गेल्यावर त्याचे कपडे कपाटातून किती दिवसांनी काढायचे? सांगा ना. तुमच्यात काय ठरलंय? तेरा दिवस, सहा महिने, वर्ष? आणि एखाद्या बाईनं तिसऱ्याच आठवड्यात काढले तर तुम्ही तिला काय म्हणाल?

आमच्या गावानं जे म्हणायचं ते पावाच्या दुकानातल्या रांगेत म्हणून घेतलं. "एकतीस वर्षांचा संसार, आणि वीस दिवसांत कपाट मोकळं!" हे म्हणणाऱ्या बायकांपैकी एकही रोझलीन व्हँडवालच्या दारात वाटीभर सूप घेऊन गेली नव्हती. बोलायला काय, जीभ फुकट असते.

रोझलीनला त्यातलं काही ऐकू आलं असेल तरी लागलं नाही. तिला तेव्हा काहीच लागत नव्हतं. नोव्हेंबरात एका सकाळी तिच्या नवऱ्यानं, गिस्लँनं, कॉफीत पाव बुडवला आणि तो पाव कपातच राहिला. तिनं डॉक्टरला फोन केला, मग कप विसळून पालथा घातला. दफनाच्या वेळी ती रडली नाही. पाचव्या दिवशी ती कामावर हजर झाली. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जिथून मुलं उष्टे ट्रे आत सरकवतात त्या खिडकीशी, ती सत्तावीस वर्षं उभी होती. त्या दिवशी हातमोजे घालायचे राहिले आणि तिनं उकळत्या पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातले. शेजारची किंचाळली तेव्हा तिनं हात वर काढून पाहिले. लालभडक झाले होते. "गरम आहे वाटतं," एवढंच ती म्हणाली.

तर अशा बाईनं कपाट आवरलं. शर्ट, विजारी, बूट, कोट, सगळं पाच काळ्या पिशव्यांत कोंबलं आणि चर्चशेजारच्या जुन्या कपड्यांच्या लोखंडी पेटीत एकेक करून ढकललं. पिशवीत काय जातंय ते पाहिलं नाही. बटाटे सोलताना आपण साल पाहतो का, तसं.

आता गिस्लँबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गिस्लँ बंदरात क्रेन चालवायचा. वर्षाचे अकरा महिने तो इतरांसारखाच. पण उपासाच्या दिवसांआधीचा कार्निव्हलचा रविवार आला की तो रोझलीनच्या आजीचा मांजराच्या कातडीसारखा झालेला फरचा कोट चढवायचा, जाळीदार मोजे घालायचा, ओठ रंगवायचा आणि टोपी डोक्यावर ठेवायचा. टोपी म्हणजे बायकांची गवती टोपी. तिला कागदाची लाल फुलं, नायलॉनची सोनेरी वेणी, एक प्लॅस्टिकचा खेकडा आणि दर वर्षाचा एक असे एकतीस बिल्ले. ही टोपी धूत नाहीत, विकत नाहीत. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आणि टोपीबरोबर जागा जाते.

जागा पहिल्या रांगेतली. पुढे पिवळे रेनकोट घातलेले बँडवाले, ढोल आणि बासऱ्या. त्यांच्या मागे कोपरात कोपर अडकवून पहिली रांग, आणि तिच्या मागे सगळं गाव. बँड चालता चालता थांबतो, पितळी वाद्यं फुंकली जातात आणि मागचे पाच हजार लोक पुढे रेटायला लागतात. तो रेटा पहिल्या रांगेनं पाठीवर घ्यायचा, म्हणजे बासरीवाले चिरडत नाहीत. तिथं नियम एकच. कोपर सोडायचं नाही. बरगडी मोडली तरी नाही. गिस्लँ डावीकडून तिसरा होता. त्याच्या आधी त्याचा मामा तिथं उभा राहायचा. मामा गेला त्या वर्षी गिस्लँ त्याची टोपी घालून गुपचूप येऊन उभा राहिला, आणि कुणी एक शब्द विचारला नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. टोपी ज्याच्या डोक्यावर, जागा त्याची. आणि टोपी द्यायचा हक्क घरच्या बाईचा.

रोझलीन-गिस्लँला मूल नव्हतं. पण घर कधी रिकामं नसायचं. रोझलीनच्या खिडकीशी ट्रे घेऊन येणारी परदेशी मुलं, कुणी कोलंबियाचं, कुणी सेनेगलचं, कुणी व्हिएतनामचं, रविवारी एकटी दिसली की ती गिस्लँला सांगायची आणि गिस्लँ त्यांना घरी घेऊन यायचा. कार्निव्हलला कुणाच्या अंगात पडद्याचा झगा, कुणाच्या डोक्यावर चाळणी. त्यांना तो सहाव्या रांगेत घुसवायचा आणि वळून ओरडायचा, "खांद्यानं नको रे! ढुंगण मागे टाक, खुर्चीत बसल्यासारखा बस!"

विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक कार्यालय आहे. ते कार्यालय दर वर्षी एक रंगीत पत्रक काढतं. जानेवारीत राजांचा केक आणि कागदी मुकुट, फेब्रुवारीत पॅनकेक, जूनमध्ये रस्त्यावरचं गाणंबजावणं. फ्रान्सची संस्कृती अनुभवा, असं वर लिहिलेलं. अनुभवा म्हणजे काय, तर खुर्चीत बसून बघा. गिस्लँ ते पत्रक वाचून खोखो हसायचा. "सण काय सिनेमा आहे का तिकीट काढून बघायला?" यंदा तर कार्यालयानं कमालच केली. विम्याचं कारण पुढे करून चौकात लोखंडी कठडे लावायचे, आत चाळीस खुर्च्या, मुलांच्या मनगटाला नंबराच्या पट्ट्या. कार्निव्हल समोरून जाईल आणि मुलांनी टाळ्या वाजवायच्या. जत्रेतले प्राणीसुद्धा कठड्याच्या बाहेर डोकं काढतात हो!

जानेवारीच्या शेवटी ओमेर आला. ओमेर म्हणजे गिस्लँचा जोडीदार, रांगेतला चौथा. एकतीस वर्षं त्याचं डावं कोपर गिस्लँच्या उजव्या कोपरात. दारातच त्यानं रिवाजाप्रमाणे तिच्या गालांचे चार मुके घेतले आणि खुर्ची ओढली.

"रोझलीन, पोरी, विचारायचं बरं वाटत नाही. पण जागेचं काय?"

"कुठल्या जागेचं?"

"कुठल्या म्हणजे? माझ्या शेजारच्या! एक वर्ष मोकळी राहिली की मागचा कुणीतरी टपकतो, मग परत मिळायची नाही. आमचा लुदोव्हिक आहे. जावई म्हणून सांगत नाही, पण अंगानं बरा आहे."

"डोक्यानं?"

"डोकं रांगेत लागतं कशाला?"

एरवी ती हसली असती. आताही तोंड हसल्यासारखं झालं.

"मग? टोपी देशील त्याला? रविवारी सकाळी पाठवतो."

"पाठव," ती म्हणाली.

ओमेर गेला. तिनं कपाट उघडलं. आत तीन रिकामे हँगर होते. ती त्यांच्याकडे पाहत उभी राहिली आणि तेव्हा तिला कळलं की चौथ्या पिशवीत वरून जे टोचत होतं तो खेकडा होता.

घाबरायला हवं होतं. तिनं वाट पाहिली, भीती येते का म्हणून. आली नाही. मग ती कोट घालून, पेटीतले कपडे जिथं विकायला जातात त्या जुन्या कपड्यांच्या दुकानात गेली, कारण अशा वेळी माणूस तेच करतो.

दुकानातली बाई म्हणाली, "कार्निव्हलचं सामान? एकूण एक गेलं. विद्यापीठवाल्यांनी उचललं, परदेशी पोरांना घालायला. फुलांची टोपी होती बघा एक, जड. मीच म्हटलं, असली टोपी कुणी टाकतं का? कोण नालायक असेल!"

"मी," रोझलीन म्हणाली आणि बाहेर पडली.

कार्यालय कँटीनच्या वरच्याच मजल्यावर. तिथली अधिकारी सॉलेन, तिशीची, भली पोरगी, पण यादीशिवाय श्वास घेत नाही. दोन दिवस रोझलीन जेवणाच्या सुट्टीत जिना चढली आणि दारापर्यंत जाऊन उतरली. काय सांगायचं? माझ्या नवऱ्याची टोपी मीच पेटीत टाकली, ती परत द्या? तोंड उघडायचं तर आत काहीतरी हलावं लागतं. काही हलत नव्हतं. दोन्ही वेळा ती खाली आली आणि ट्रे धुवायला लागली.

कार्निव्हलच्या रविवारी सकाळी लुदोव्हिक नटूनथटून तिच्या दारात आला, सोबत ओमेर. दार बंद. रोझलीन घरात नव्हती. ती चौकात गेली होती. तिनं एवढं ठरवलं होतं की टोपी ज्या पोराच्या डोक्यावर असेल त्याच्याकडून मागून घ्यायची, लुदोव्हिकच्या हातात ठेवायची आणि घरी जाऊन दर वर्षीसारखे सुपाचे कांदे चिरायचे.

चौकात कठडे लागले होते. आत चाळीस खुर्च्यांवर चाळीस मुलं, मागून-मागून आणलेल्या कपड्यांत गारठलेली. कुणाच्या हातात पत्रक, वर लिहिलेलं, तुम्ही आज काय पाहाल. दुसऱ्या ओळीत कडेला एक चष्मेवाली मुलगी बसली होती, आणि तिच्या डोक्यावर कागदाची लाल फुलं, वेणी, खेकडा.

रोझलीन कठड्याशी गेली. मुलीनं तिला आधी ओळखलं.

"मादाम! तुम्ही कँटीनच्या खिडकीतल्या ना? मला रोज पावाचा जास्तीचा तुकडा ठेवता."

तिचं नाव त्सोल्मोन. मंगोलियाची, उलानबातरची, बंदरांची वाहतूक शिकायला आलेली. अंगापिंडानं बेताची. रोझलीनला ती आठवली. ट्रे सरकवताना ताट पुसून देणारी एवढी एकच.

"तुमच्याकडे हे काय करतात हो?" त्सोल्मोननं विचारलं. "पत्रकात लिहिलंय मासे फेकतात. कुणावर?"

"सगळ्यांवर," रोझलीन म्हणाली. "ती टोपी..."

पुढचं बोलायची वेळच आली नाही. ढोल वाजत कोपऱ्यावरून वळले. पिवळे रेनकोट, त्यांच्या मागे पहिली रांग, फरचे कोट, रंगवलेले ओठ, मिशा. डावीकडून तिसरी जागा मोकळी होती आणि ओमेरचं डावं कोपर हवेत. लुदोव्हिक शेजारून पळत होता, डोक्यावर नुसतीच आंघोळीची टोपी. ओमेरची नजर कठड्यावर गेली. टोपीवर थांबली. मग टोपीशेजारी उभ्या असलेल्या रोझलीनवर. त्याचं तोंड उघडं पडलं.

तुम्ही आमच्यातले असता तर तुम्हीही तेच समजला असता. टोपी धूत नाहीत, विकत नाहीत. मग ती त्या पोरीच्या डोक्यावर आली कशी? घरच्या बाईनं ठेवल्याशिवाय येतेच कशी? ओमेरच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

रांग थांबली. बँडवाले मागं बघायला लागले. ओमेर कठड्यापाशी आला, जाळीदार मोज्यातला एक पाय आत टाकला आणि त्सोल्मोनला काखेत धरून पोत्यासारखी बाहेर उचलली.

"चल पोरी. तिसरी तू."

"मी? कुठं? मादाम, हे गृहस्थ कोण?"

सॉलेन धावत आली. तिनं त्सोल्मोनचा दंड पकडला. "महाशय, सोडा तिला! ती माझ्या यादीत आहे, सतरा नंबर. विमा फक्त कठड्याच्या आत लागू आहे!"

"ती माझ्या रांगेत आहे," ओमेर म्हणाला, "तीन नंबर."

"बाबा, अहो!" लुदोव्हिक ओरडला. "मी काय करू मग? पायसुद्धा भादरलेत मी!"

"वसंतात ऊन खायला उपयोगी पडतील. गप!" आणि ओमेर रोझलीनकडे वळला. आवाज उतरला. त्यात राग होता, आणि रागाच्या खाली दुसरंही काहीतरी. "हिला दिलीस? खरं सांग. एवढीशी पोर, जूनमध्ये निघून जाणारी. गिस्लँची जागा हिला?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. खरं काय ते सोपं होतं. चूक झाली, टोपी पेटीतून गेली, लुदोव्हिकला द्या. तीन वाक्यं. ती उच्चारली की पोरगी सतरा नंबरच्या खुर्चीवर, लुदोव्हिक रांगेत, आणि ती घरी.

तिनं सॉलेनचा हात पाहिला. त्सोल्मोनच्या दंडावर, बाहीच्या वर, पाच बोटं रुतलेली. पोरगी हलत नव्हती. दोन्ही बाजूंनी कुणीतरी धरलेलं, आणि ती कुठं जायचं ते कुणी सांगेल म्हणून वाट पाहत उभी. रोझलीनला राग आला असं म्हणता येणार नाही. राग यायला आत कुणीतरी जागं लागतं. पण सत्तावीस वर्षं तिनं त्या मुलांचे ट्रे घेतले होते, आणि हातांची आपली एक सवय असते. तिनं सॉलेनची बोटं एकेक करून सोडवली, चिकटलेला पाव ताटावरून सोडवावा तशी.

"हो," ती ओमेरला म्हणाली. "मी दिली."

"मादाम व्हँडवाल, याची जबाबदारी कोण घेणार?" सॉलेनचा आवाज रडवेला झाला होता.

"लिही माझं नाव. यादी आहे ना हातात?"

ओमेरनं एक शिवी हासडली, ती इथं लिहिण्यासारखी नाही, आणि आपलं डावं कोपर पुढं केलं. त्सोल्मोननं त्यात हात घातला. दुसऱ्या बाजूला दोन नंबरचा खाटीक, त्याचा दंड तिच्या मांडीएवढा. ढोल सुरू झाले.

पन्नास पावलांवर बँड थांबला. पितळी वाद्यं उचलली गेली.

"आता रेटा येईल," रोझलीन रस्त्याच्या कडेनं चालत चालत म्हणाली. ती चालते आहे हेही तिला कळलं नव्हतं. "पोरी, ऐक. खांद्यानं नको. ढुंगण मागे टाक. खुर्चीत बसल्यासारखी बस. आणि कोपर सोडू नकोस."

"खुर्ची कुठाय?"

"मागं पाच हजार लोक आहेत. त्यांच्यावर बस!"

आणि रेटा आला. पहिली रांग वाकली, तिसऱ्या जागेपाशीच. बासरीवाला एक पोरगा मागं बघून पांढरा पडला. त्सोल्मोनचा चष्मा गेला. तिचे पाय जमिनीवरून सुटले. ती ओमेर आणि खाटकाच्या मध्ये दोरीवरच्या कपड्यासारखी लोंबत होती, तोंड उघडं, आवाज नाही. ओमेरच्या मानेच्या शिरा फुगल्या. "सोडू नको," तो दातांतून म्हणत होता, "सोडू नको, सोडू नको." रोझलीनला तिची बोटं दिसत होती. पांढरी झालेली, ओमेरच्या फरमध्ये रुतलेली.

बोटं सुटली नाहीत. दुसऱ्या रांगेतल्यांनीही पाठ मागे टाकून रेटा अडवला, रांग हळूहळू सरळ झाली, गाणं संपलं. त्सोल्मोनचे पाय जमिनीला लागले. तिनं मान वळवून विचारलं, "संपलं?"

"हे पहिलं," ओमेर म्हणाला. "अजून अकरा." आणि पुढे जाताना कुणालाच उद्देशून नाही असं बोलला, "हात सोडला नाही पोरीनं."

रोझलीन कडेला उभी राहिली. मिरवणूक पुढे गेली. तिसऱ्या जागेवरची लाल फुलं दोन उंच डोक्यांच्या मध्ये थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. आता रडू येईल, असं तिला वाटलं. तिनं जागा करून दिली त्याला. हातातली पिशवी खाली ठेवली, रुमाल काढला. आलं नाही. तिनं रुमालानं नाक पुसलं, थंडीनं वाहत होतं ते, आणि घरी जाऊन सहा किलो कांदे चिरले. कांद्यानं पाणी आलं डोळ्यांतून. ते कांद्याचं.

पाच वाजता नगरपालिकेच्या गच्चीतून मासे फेकून झाल्यावर लोक तिच्या घरी आले, दर वर्षीसारखे. यंदा कुणाला बोलावलं नव्हतं. दार उघडं होतं म्हणून आले. लुदोव्हिक दोन वाडगे सूप प्यायला आणि त्यानं सगळ्यांना पाय दाखवले. कठड्यातली सात-आठ मुलं पट्ट्या तोडून आली. शेवटी सॉलेनही आली. दारातच घुटमळत होती. रोझलीननं तिच्या हातातली यादी घेतली, गरम पातेल्याखाली ठेवली आणि तिला चमचा दिला.

त्सोल्मोन आली ती एका डोळ्यानं लंगडत, म्हणजे चष्म्याची एकच काच उरली होती. बगलेत मासा. बरगड्यांवर हात. तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"ओमेरनं सांगितलं मला, ही कुणाची ते. मला माहीत नव्हतं. मला कार्यालयाच्या पेटाऱ्यातून मिळाली. तुम्ही मला दिलीच नव्हती ना?"

 ओमेरनं वाडगा खाली ठेवला.

"नव्हती," रोझलीन म्हणाली. मग टोपी उचलून परत त्या पोरीच्या डोक्यावर ठेवली, वेणी नीट मागे सोडली. "आता दिली."

 ओमेरनं खिशातून यंदाचा बिल्ला काढला आणि खेकड्याशेजारी टोचला. बत्तिसावा.

त्सोल्मोन जूनमध्ये गेली. जायच्या आदल्या दिवशी टोपी खिडकीतून सरकवून गेली, पुसलेल्या ट्रेवर ठेवून. ती टोपी आता कपाटात आहे. रोझलीन अजून रडलेली नाही. तिला हातमोजे घालायची आठवण शेजारची करून देते. ओमेर महिन्यातून एकदा येतो आणि विचारतो, यंदा कोण, आणि ती म्हणते, बघू, खिडकीशी कुणी येईल. लुदोव्हिकचं नाव तो काढत नाही.

तर तुमचं कुणी, मुलगा, भाची, शेजाऱ्यांची पोर, आमच्याकडे शिकायला येणार असेल, तर त्याला एवढं सांगा. पत्रक मिळेल ते खिशात ठेव, मनगटाला पट्टी बांधू देऊ नकोस, आणि दुपारी कँटीनच्या खिडकीशी जाऊन त्या बाईला विचार, रांगेत जागा आहे का. ती होही म्हणेल, नाहीही म्हणेल. पण आता कसं वाटतंय असं तिला विचारू नकोस. कृपा करून एवढं मात्र विचारू नकोस.